तिच्या आवडीची भाजी

छातीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी ड्रायव्हरचा ट्रक बंद केला आणि मटणही. ट्रकचं त्याने निमूट मान्य केलं. मटणाचं मात्र जिवावर आलं. उभा जन्म त्याने रस्त्याकडेच्या खानावळीत, रश्श्यावरचा तवंग बघून टेबल निवडलेलं. आता ताटात वाफवलेला दुधी आला की तो त्याच्याकडे पंक्चर झालेल्या टायरकडे बघावं तसा बघायचा.

"याला काही चव आहे का?"

"आहे की. औषधाला असते तेवढी," बायको म्हणायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. ती शाळेचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत निळ्या कापडाचा ढीग आणि आत गॅसवर कुकर, अशी तिची दिवसभर ये-जा चाले.

बसून बसून ड्रायव्हर कंटाळला. एक दिवस पिशवी घेऊन आपणहून बाजारात गेला आणि भर उन्हाळ्यात फ्लॉवर घेऊन आला. तो शिजला आणि त्याचं पाणी पाणी झालं. त्याचं त्यालाच हसू आलं. अशाच भाज्यांच्या गाड्या त्याने वर्षानुवर्षं ओढल्या होत्या. लांबून येणारा माल वाटेत किती होरपळतो, ताडपत्रीखाली कसा मलूल होतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि तोच आता तो माल विकत घेऊन बसला होता.

तेव्हापासून तो आधी बाजारभर हिंडायचा. ज्या भाजीचे ढीग लागलेत, जिच्या देठाला अजून ओल आहे, तीच घ्यायची. भोपळ्याचे दिवस आले तसा भोपळा आला, मग शेंगा आल्या, मग कोवळा पालक. आणायला लागला तसा तो करायलाही लागला. तेल चमचाभर, लसूण मात्र सढळ हाताने, वरून लिंबू. इंजिनाचा आवाज ऐकायची सवय असलेला माणूस कढईलाही कान लावायचा. "आवाज बदलला की झाकण काढायचं," असं तो बायकोलाच शिकवू लागला. तिने हातातला दोरा दाताने तोडला.

एका रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. मुलगी नर्स, त्यामुळे बापाच्या ताटावर तिची नजर असायचीच. भिजवलेली कडधान्यं आणि शेंगांची भाजी खाऊन ती म्हणाली, "बाबा, काय झालीय हो भाजी!" जावयाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या होत्या, त्याही चव घेऊन म्हणाल्या, "वहिनी, नशीब काढलंत."

वहिनी हसल्या. सगळे गेल्यावर बायको भांडी घासू लागली, तेव्हा भांड्यांचा आवाज जरा जास्तच व्हायला लागला.

"काय झालं?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही."

"अगं, बोल ना."

तिने नळ बंद केला. "मी इतकी वर्षं रांधलं. मुलीला वेगळं, सासऱ्यांना वेगळं, तुम्ही अवेळी आलात तर तुम्हाला वेगळं. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की नशीब काढलंत."

"चांगलं लागायचं म्हणून तर खायचो."

"ते तोंडाने सांगायचं असतं."

ड्रायव्हर खाली मान घालून ओटा पुसत राहिला. मग म्हणाला, "चुकलंच. उद्या तुझ्या आवडीचं करतो. काय आवडतं तुला?"

तिने तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. मुलीला बटाटा, सासऱ्यांना मऊ भात, नवऱ्याला तिखटजाळ, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. स्वतःचं काही आठवेना. "काहीही करा," असं म्हणून ती मशीनवर जाऊन बसली. एक शिवण वाकडी गेली. ती उसवताना तिला आधी नवऱ्याचा राग आला, आणि मग स्वतःचा त्याहून जास्त.

थंडी पडली. शिवलेले कपडे पोचवून येताना ती बाजारातून चालली होती. एका टोपलीत पाल्यासकट मुळे मांडलेले दिसले, पांढरेशुभ्र, नुकते धुतलेले. ती थांबली. लहानपणी शेताच्या बांधावर बसून भाऊ आणि ती मुळे उपटायचे, माती फ्रॉकला पुसायची, मिठाबरोबर कडाकडा खायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नानंतर तिने एकदाच मुळा आणला होता. "घरात वास सुटतो," नवरा म्हणाला होता. एवढंच. पुन्हा आणायचा नाही, असं कुणी बजावलं नव्हतं. तिनेच आणला नव्हता.

तिने जुडी घेतली.

ड्रायव्हरने पिशवीत बघितलं आणि त्याचं नाक आक्रसलं, पण तो सावरला. "हे?"

"हे."

"मग सांग कसं करायचं ते."

ती स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली. पाला बारीक चिरायला लावला, भिजवलेली डाळ त्यात घालायला लावली, थोडे मुळे कच्चेच ठेवायला सांगितले. त्याने खिडकी उघडली, तरी वास घरभर झालाच. मुळ्याची चकती मिठाला लावून तिने तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली.

"मीठ कमी पडलं?"

"नाही. बरोबर आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते काही सगळंच मुळ्याच्या तिखटपणामुळे नव्हतं.

त्यानेही एक चकती खाल्ली. तोंड वाकडं झालं. "मला नाही बुवा आवडला."

"नका आवडून घेऊ. माझा आहे तो."

त्या हिवाळ्यात तो न सांगता मुळे आणत राहिला. स्वतःसाठी दुसरं काही शिजवायचा आणि तिचं वेगळं करायचा. मुलीने एकदा नाक धरून विचारलं, "हा वास कसला?" तर म्हणाला, "तुझ्या आईच्या आवडीचा."

मग ऊन तापायला लागलं. मुळे जून निघू लागले, आतून पोकळ.

"आता काय आणू?" पिशवी हातात घेऊन त्याने विचारलं.

तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं, चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "थांबा, मीही येते. बघू तरी काय काय आलंय."