इस्पितळाची तार

कुताईसी शहरातल्या त्या पाचमजली इमारतीसमोर मालखाज शिडी खांद्यावर घेऊन उभा होता, पण पाऊल काही उचलेना. सरकारी वीजखातं खासगी कंपनीच्या हाती गेलं, निम्मे वायरमन घरी बसले. तो कसाबसा टिकला. लोकांनी चोरून ओढलेल्या, आता तोडायच्या तारांची यादी कंपनीने आज त्याच्या हातात ठेवली होती. त्यातली तिसऱ्या मजल्यावरची तार त्यानेच ओढलेली, आठ वर्षांपूर्वी, शेजारच्या इस्पितळाच्या लाइनवरून थेट लामाराबाईंच्या स्वयंपाकघरात.

वीज म्हणजे काय, हे शाळेत त्याला बाईंनीच शिकवलेलं. आणि शहर अंधारात बुडालं त्या हिवाळ्यांत बाईंनी या एका तारेवर जिन्यावरची सगळी घरं जगवली. कुणाच्या बाळाचं दूध, कुणाची मक्याची भाकर. पण एका वेळी विजेची शेगडी एकच. "पलीकडे ऑपरेशनच्या टेबलावर माणूस फाडलेला असेल," म्हणायच्या.

आता घरोघरी मीटर आले. बाईंचाच अडलेला; घर अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. कागद व्हायला महिना तरी जाणार.

अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईंच्या शेजारणीने, त्सियालाने, शिडी पाहिली.

"काय रे, कंपनीने जाकिटाबरोबर डोळेही नवे दिले वाटतं? इतकी वर्षं ही तार दिसली नाही ती!"

"ताई, नोकरी आहे माझी..."

"तुझी पोरगी त्याच शेगडीवरच्या दुधाने वाढली!"

मालखाजने खिशातून यादी काढली, पेन्सिल काढली.

"काय लिहितोस रे?" वर गॅलरीतून बाईंचा आवाज आला.

"तार सापडली नाही, असं."

बाई सपाता फटफटवत तीन मजले उतरून आल्या.

"माझ्यासमोर खोटं लिहितोस? नाइलाज होता तेव्हा आजाऱ्यांच्या तोंडची वीज घेतली आपण. आता वीज आली ना गावात? मग माझ्या एकटीच्या दिव्याचा भार त्यांच्यावर कशाला?"

"महिनाभर अंधारात राहाल, बाई."

"मे महिना आहे. साडेआठपर्यंत उजेड असतो. चढ, शिडी मी धरते."

तो चढला. खाली त्सियालाने शिडीची दुसरी बाजू धरली. त्याने तारेवर पक्कड दाबली तशी बाईंच्या उघड्या खिडकीतली फ्रिजची घरघर थांबली.

"टोक उघडं ठेवू नकोस," बाई खालून म्हणाल्या. "टेप गुंडाळ. अजून एक वेढा. हं, आता ठीक."

"फ्रिजमधलं सगळं माझ्याकडे आणा," त्सियाला म्हणाली, "आणि आता वाद घालू नका."

मालखाज उतरला आणि यादीवर खरं तेच लिहिलं. बाईंकडे पाहताना त्याला मान खाली घालावी लागली नाही.