दोघींचं रक्त

हिरीने पदर मागे सारला आणि दंड पुढे केला. मुंबईहून आलेले डॉक्टर हसले.

"आज रक्त काढायचं नाही, बाई. मागच्या वेळचं तपासून झालं. तुम्हाला साथीचा ताप येऊन गेलाय. रक्तात त्याची खूण आहे."

"आन् जनीच्या?"

"त्यांच्यात काही नाही. साधा ताप असणार. त्यांनाही सांगा."

मुरबाडच्या दवाखान्यात हिरी आणि जना या दोघीच आया. सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत जना तापाने आडवी झाली आणि गावाच्या कौतुकाला ऊत आला. रोग्यांचं करता करता पडली म्हणे! अंग तर हिरीचंही मोडून आलं होतं, पण तसं म्हणताच कंपाउंडर खेकसला, "नाटकं नकोत, फरशी पुसा." तेव्हापासून हिरीचा जीव नुसता जळत होता. सगळे जनाला बघायला जात, म्हणून हीही रोज पेज घेऊन गेली. जनाच्या म्हाताऱ्या आईला जवळ घेऊन तिने आपल्या हाताने भरवलं. कुणीतरी आपल्यालाही चांगलं म्हणावं, एवढ्यासाठी. कुणी म्हटलं नाही.

आता मात्र ती तरातरा जनाच्या घराकडे निघाली. सगळ्या आळीला ऐकू जाईल असंच सांगायचं, हे तिने वाटेतच ठरवलं.

जना ओट्यावर तांदूळ पाखडत होती. हिरीला बघताच तिने सूप खाली ठेवलं.

"रक्ताचं कळलं ना गो? आईला मीच मारली ना? ती म्हातारी घराबाहेर कुठं जात होती? ताप मीच आणला दवाखान्यातून. आई त्याच तापानं गेली, तवापासून घास उतरत नाय."

म्हातारीला भरवत होतो त्याच दिवसांत आपल्या अंगात कणकण होती, हे हिरीच्या आत्ता ध्यानात आलं.

"तुझ्या रक्तात कायच नाय," ती हळू म्हणाली. "साधा ताप होता तुझा. तू नाय दिलास आईला."

जना तोंडाला पदर लावून रडली, अगदी मोकळी होऊन रडली. मग डोळे पुसत तिने विचारलं,

"आन् तुझ्या?"

"माझ्याबी नाय."

जनाने सूप पुन्हा उचललं.

"तुझं बरं हाय, हिरे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सरळसरळ हेवा होता. "तुला कधी कायच होत नाय."