ओलेत्याचं वजन

तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजी घेणारी माणसं कमी आणि तोलबाबाला बघणारीच जास्त. बाबा फक्त बाप्यांचं वजन उतरवायचा. ढेरीवर दोन बोटं वाजवून मुदत सांगायचा, "बच्चा, सात दिन! पाच किलो! बराबर!" आणि सातव्या दिवशी काटा खरंच तेवढं दाखवायचा.

बायांचं का उतरवत नाही? द्वारकाबाईला पहिला संशय तिथंच आला. बाई चौथी शिकलेली, पण कापूस विकताना व्यापाऱ्याच्या काट्याजवळून तीस वर्षं हललेली नाही.

आज ती लेकासाठी आलेली. गिरिधर घनसावंगीला कचेरीत कारकून, खुर्चीत बसून बसून फुगलेला, त्यात साखरेचा आजार. मागच्या बाजारी तो बाबाच्या काट्यावर चौऱ्याण्णव भरला होता. बाबानं वर बजावलं, "साखरेच्या गोळ्या बंद! गोळीनं चरबी घट्ट होती." परवा हाच गडी चक्कर येऊन न्हाणीच्या दारात बसला. उमानं, त्याच्या बायकोनं, गोळी पुढं केली तर म्हणतो, "सात दिवस होऊ दे, मंग बघ."

आज कोरडा पंचा नेसून तो काट्यावर चढला. एकोणनव्वद! टाळ्याच टाळ्या.

"बघितलं का आई? आता गोळ्या कायमच्याच बंद!"

"बघून राह्यले," द्वारकाबाई म्हणाली. तिचा डोळा होता पुढच्या गिऱ्हाइकावर. अप्पाराव गुत्तेदार नियमाप्रमाणे अंगावर दोन बादल्या ओतून, ओलेत्यानं, खांद्यावर घोंगडी घेऊन उभे. घोंगडीतून पाण्याची धार लागलेली. पहिलं वजन असं घोंगडीसकट ओलेत्यानं आणि सातव्या दिवशीचं कोरड्यानं करायचं, असा बाबाचा नेम.

अप्पाराव चढले. एकशे दोन.

द्वारकाबाई पुढं झाली. घोंगडीत मनगटापर्यंत हात घातला, व्यापारी कापसाच्या ढिगात घालतो तसा.

"अप्पाराव, उतरा. घोंगडी ठेवा, धोतर बदला, हा कोरडा पंचा नेसा. चढा आता."

सत्त्याण्णव.

द्वारकाबाईनं काट्याकडं बोट दाखवलं.

"अगं माय! बाबाला सात दिवस लागतात, मी उभ्या उभ्या पाच किलो उतरवले. माझ्या पाया पडा की!"

मंडळी फिदीफिदी हसली. बाबा तणतणला, "माई, ही श्रद्धेची बात हाय!"

"हाय ना. पण ओल किती टक्के? आमच्या कापसात ओल निघाली तर व्यापारी वजन कापतो. तुझ्या चमत्कारात कोनी कापावं? बाया चारचौघांत ओलेत्यानं उभ्या राहायच्या न्हाईत, म्हणून त्यांचं वजन उतरत न्हाई व्हय रे?"

बाबा काटा काखेत मारून तिथून सटकला.

गिरिधर खाली मान घालून उभा. "मंग माझं काहीच उतरलं न्हाई?"

"उतरलं की. घोंगडीचं." द्वारकाबाईनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली. "डॉक्टरीणबाई काय म्हणल्या होत्या? रोज चालायचं, भाकर मोजून खायची, तर महिन्याला दीड-दोन किलो. ही ढेरी वाढायला दहा वर्षं लागली बाबा. जायला पाच-सहा महिने तरी देशील का न्हाई?"

"चहात साखर?"

"आता मार खाशील."

त्यानं पट्टी खिशात घातली, आणि गावाकडच्या सवारी जीपकडं न वळता घराकडं पायीच निघाला.

तर बाप्यांनो, वजन हळूहळूच उतरतं. कुणी तारीख ठरवून चमत्कार दाखवायला लागला, औषध सोडा म्हणाला, तर हात जोडायच्या आधी हात घालून बघा, ओल किती हाय.