रिंकीची लाकडं

माझा नवरा हुशार आहे असं अख्खं गाव सांगतं. सांगू देत. गावाला आमच्या घरची चूल पेटवायची नसते.

पुरनलाल त्याचं नाव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. दरेकशाजवळच्या आमच्या गावात वेल्डिंग करणारा तो एकटाच. त्या वर्षी लोडशेडिंगने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता, तेव्हा याने लाकडावर पाण्याचा पंप चालवायचं डोक्यात घेतलं. डांबराच्या ड्रममध्ये एक लहान ड्रम बसवला. वरून लाकडाचे तुकडे टाकायचे, झाकण गच्च लावायचं आणि हवा जेमतेम जाऊ द्यायची. मग लाकूड धड जळत नाही, त्याचा गॅस होतो. तो पाइपात थंड करून, भुशाच्या डब्यातून गाळून, रॉकेलच्या जुन्या इंजिनात सोडायचा. हे सगळं लचांड त्याने माझ्या सासऱ्यांच्या जुन्या बैलगाडीवर बांधलं, म्हणजे धानाच्या कुठल्याही खाचरात, बांधीवर, नेता येईल. पहिल्यांदा इंजिन फटफटलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू?

पण त्या मशीनला ओलं लाकूड चालायचं नाही. ओलं घातलं की डांबरासारखा चिकटा इंजिनात जायचा आणि सगळं ठप्प. आता भर पावसाळ्यात सुकं लाकूड कुणाकडे असणार? माझ्याकडे होतं. माझी लेक रिंकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीला सव्वा महिना कढत पाणी लागतं, बाजेखाली शेगडी लागते. त्यासाठी उन्हाळाभर मी जंगलातून डोक्यावर मोळ्या आणल्या. धावडा निवडून आणला, कारण त्याचा निखारा टिकतो आणि धूर होत नाही. शेगडीत मावतील असे तुकडेही मीच केले, आणि घरामागच्या वाडीत टिनाखाली रचून ठेवले.

"दोन टोपल्या दे न व," पुरनलाल म्हणाला.

"त्याले हात नाही लावाचा. ते रिंकीचे लाकडं होत."

"बरं," तो म्हणाला, आणि ढिगाऱ्यावर निळं प्लास्टिक स्वतःच्या हाताने नीट ओढून दिलं. म्हणून माझा विश्वास बसला.

रिंकीला कळा सुरू झाल्या तशी मी तिला आमगावला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. चार-पाच दिवसांनी आम्ही ऑटोने परतलो, तर वाटेतल्या सगळ्या बांध्या पावसाने तुडुंब भरलेल्या. आणि आमच्या विहिरीवर इंजिन चालू! कुठल्याशा संस्थेचे साहेब मशीन पाहायला आले होते. ड्रमला झेंडूचा हार घातला होता. विहिरीचं पाणी भरलेल्या बांधीत पडत होतं आणि तिथून सरळ नाल्यात जात होतं. मी वाडीत धावले. टिनाखाली थोडा भुसा होता आणि एक कोंबडी बसली होती.

मी ओल्या फांद्यांवर पाणी ठेवलं. घरभर धूर झाला, बाळ खोकायला लागलं. रिंकी बाजेवर कुडकुडत होती. "माय, राहू दे. उद्या करीन आंघोळ," ती म्हणाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

साहेब गेल्यावर पुरनलाल दारात आला. "लोकं दुरून आले होते व. मशीन बंद कशी दाखवू? लाकडं काय, जंगलात पडून आहेत. आणून देतो."

"आनान जी. पण सुकवान कधी? दिवाळीले?"

तेवढ्यात माझं लक्ष विहिरीवरून आणून छपराखाली लावलेल्या बैलगाडीकडे गेलं. जुनं सागवान, ठणठणीत कोरडं. आणि पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून तिच्यावर पांघरलेलं होतं माझ्या लाकडांवरचं निळं प्लास्टिक! मी कुऱ्हाड घेऊन आले आणि पहिला घाव जुवावर घातला.

"अवं, बाबाची गाडी होय ते!"

"मले माहीत आहे. मशीन उतरवा आन् धरा हे." मी कुऱ्हाड त्याच्या हातात कोंबली. "शेगडीत मावले पाहिजे, एवढे तुकडे करा."

आत बाळ पुन्हा खोकलं. मग त्याने दोऱ्या सोडल्या, ड्रम घरंगळत अंगणात, पावसात नेऊन ठेवला आणि गाडी फोडायला लागला. त्या संध्याकाळी रिंकीची आंघोळ कढत पाण्याने झाली.

पुढच्या आठवड्यात ते साहेब आणखी माणसं घेऊन आले. ड्रममध्ये पाणी साचलं होतं. पुरनलाल चाकाचे आरे फोडत बसला होता.

"मशीन बंद का?" साहेबांनी विचारलं.

"सुकं लाकूड नाही."

"हे काय, एवढं समोर पडलंय की!" साहेब हसत वाकले.

पुरनलाल कुऱ्हाड टाकून मधे उभा राहिला. "त्याले हात नाही लावाचा, सायेब. ते रिंकीचे लाकडं होत."

मी दारातून ऐकलं. माझा राग तरीही गेला नाही. मी त्याच्या पायापाशी पडलेले तुकडे टोपलीत भरले आणि शेगडी पेटवायला आत गेले.