नानांसाठी कणभर

निशिकांतनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पुन्हा एकदा परातीत वाळू भरून घेतली. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. पलीकडच्या काठावर, एकेकाळी सोन्यासाठी इथे आलेल्या माणसांची थडगी गवतात अर्धी बुडाली होती. सोनं संपलं तसं मलेशियातलं हे गावही ओसरलं. आता उरलं होतं एक संग्रहालय, दोन चहाची दुकानं आणि ‘शोधा, सापडेल ते तुमचं’ असा एक फलक.

"बाबा, नोबडी गॉट एनिथिंग लाह," जाई काठावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "बस विल गो!"

लाँग वीकेंडला सिंगापूरहून बसनं आलेली बाकीची मंडळी नारळपाणी पीत होती.

"निशिकांतराव," त्यांच्यातला प्रसन्न म्हणाला, "सापडलं तर सोमवारी राजीनामा ना?"

निशिकांत हसला नाही.

नाना, म्हणजे त्याचे वडील, कोविडमध्ये पुण्यात गेले. विमानं बंद होती, त्यामुळे निशिकांतनं सगळं सिंगापुरात, बेडोकच्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर पाहिलं. तुळशीचं पान आणि सोन्याचा कण चुलतभावाच्या खिशात तयार होता. पण हॉस्पिटलनं बांधून दिलेली पिशवी कुणी उघडू देईना. नाना तोंडात सोनं न घेताच गेले आणि तेव्हापासून स्वप्नात येऊ लागले. हयातीत रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणाला ज्यांनी बोलू दिलं नाही, ते नाना स्वप्नात नुसते आ करून उभे राहत. दाढांपर्यंत सगळं दिसे. शब्द मात्र नाही.

गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर उपाय सांगितला होता. कणभर सोनं वाहत्या नदीत सोडा, पण स्वकष्टाचं हवं. सिंगापूरच्या नदीत काही सोडायचं म्हणजे दंड. आणि पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगांमध्ये बसून मिळवलेला पगार स्वकष्टाचा म्हणावा का, याबद्दल निशिकांतला स्वतःलाच शंका होती.

त्याच्या बायकोचा, मेधाचा, असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ती वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि पुराव्याशिवाय भाजीलाही ताजी म्हणत नसे. बसच्या गाइडनं निघायची शिट्टी मारली तशी ती बूट काढून पाण्यात उतरली. हल्लीच्या पद्धतीनं डाव्या मनगटात घातलेलं मंगळसूत्र तिनं कोपराकडे सरकवलं.

"आण इकडे. केवढी हलवतोयस ती परात! असेल ते पण वाहून जाईल."

"तुला काय माहीत?"

"दिवसभर नळ्याच हलवते मी. आण."

ती त्याच्याकडे पाठ करून वाकली. जरा वेळ तशीच राहिली. पाणी खळबळलं. मग तिनं परात परत दिली.

"धर. पुढचं तू कर. तुझ्याच हातानं व्हायला हवं ना?"

तो परात झुकवत राहिला. काळी वाळू थोडी थोडी निघून गेली आणि तळाशी काहीतरी पिवळं चमकलं. त्यानं ते बोटाच्या टोकावर उचललं. मोहरीएवढं होतं. गोल. नदीच्या मानानं फारच गोल. मधोमध आरपार भोक होतं आणि भोकात काळ्या दोऱ्याचा एक तंतू अडकला होता.

त्यानं वर पाहिलं. मेधा थडग्यांकडे बघत होती.

"बाबा, यू फाउंड इट?" जाई धावत आली. "रिअल आह?"

"अस्सल," निशिकांत म्हणाला.

त्यानं मूठ पाण्यात खोल बुडवली आणि उघडली. जाई किंचाळली. प्रसन्न काहीतरी म्हणाला, सगळे हसले. नदी आपल्या गतीनं थडग्यांच्या बाजूला वळून गेली.

मेधा आधी काठावर चढली आणि त्याला वर घ्यायला तिनं हात पुढे केला. उजवा. डावा तिनं जॅकेटच्या खिशात ठेवला होता.

"चल," ती म्हणाली, "सीमेवरच्या चेकपोस्टला गर्दी होते मग."