पहिलं टोपलं

तळ्याचा गाळ वावरात टाकायचा असला की पहिलं टोपलं घरी आणायचं, ही आमच्या गावची रीत. त्या टोपल्यातल्या गाळाची नवी चूल घालायची. पण आधी घरच्या जाणत्या बाईनं चिमूटभर गाळ जिभेवर ठेवून पाहायचा. खारा लागला तर टोपलं परत. गोडा लागला तर धान पिकणार.

यंदा चैत्रात गाळाऐवजी एका योजनेचे ट्रक आले. काळीभोर, भुसभुशीत माती, तीही फुकट. कागदावर नाव 'सेंद्रिय माती सुधारक'. मी बी.ए. झालेला, म्हणून सगळ्यांच्या वतीनं सही मीच केली. कागद चार पानांचा, इंग्रजीत. मी चौथं पान पाहिलं. सहीची जागा तिथंच होती.

त्याचंही पहिलं टोपलं घरी आणलं. माझ्या मायनं, अंजनाबाईनं, चिमूट जिभेवर ठेवली.

"गोडा हाये गा कुलदीप. पण कोणत्या तळ्याचा म्हणते? वास येगळाच हाये."

"असंन शहराकडचं एखादं," मी ठोकून दिलं.

चूल घातली ती माझ्या बहिणीसाठी. मयुरीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणून अहेरीहून माहेरी आलेली. पंधरा दिवस त्याच चुलीवर तिचा भात शिजला.

मग योजनेचा माणूस आला, आदेश नावाचा. फोटो काढायला.

"बसा भाऊ, चहा मांडते," माय म्हणाली.

"चूल मस्त आहे हो, मावशी."

"तुमच्याच मातीची! चाखूनशान घेतली मी."

त्याचा मोबाईल खाली आला. "चाखून म्हणजे?"

"जिभेनं. मंग का कानानं चाखतेत तुमच्याकडे?" मयुरी खिदळली.

तो हसला नाही. "मावशी, हा तळ्याचा गाळ नाही. शहरातल्या संडास-गटाराचं पाणी साफ करतात ना, त्याच्या तळाशी बसलेला मैला आहे. प्रक्रिया करून वाळवलेला. शेताला चालतो. पण..."

"पण का?" मी विचारलं.

"हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. घरात न्यायचा नाही. दुसऱ्या पानावर लिहिलंय. सही तुमचीच आहे ना?"

चुलीवर भात रटरटत होता. मयुरीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "माय वं, मी पंधरा दिवस जेवून राह्यली."

मला मैल्याच्या खताची शिसारी नाही. जुनी माणसं त्याला सोनखत म्हणत, आणि सांगून घालत. आम्हाला कोणी सांगितलं? माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. दुसऱ्याची घाण आता या घरात येणार नाही, म्हणाला. ती ट्रकनं आली. पोच दिली त्याच्या नातवानं.

चहाचा कप मी आदेशसमोर धरला. "घ्या."

"नको, अ‍ॅसिडिटी आहे मला."

"वावराले चालते, मायच्या जिभेले चालली, तुम्हाले काऊन नाई चालत?"

तो चपला शोधायला लागला.

माय मोरीत गेली. मूठभर मीठ तोंडात टाकलं, चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली. पंधरा दिवसांमागची चिमूट ती आता थुंकत होती. मधेच कोपऱ्यातली लोखंडी सबल तिनं माझ्याकडे ढकलली.

"सही तुयी. फोड तूच."

मी भाताचं गंज खाली उतरवलं आणि चूल फोडली. बाहेरच्या बाजूच्या, आच न लागलेल्या एका तुकड्यात प्लास्टिकच्या कंगव्याचे तीन दात अडकले होते. कोणाचा कंगवा, कोणत्या शहरातला. तुकडे टोपल्यात भरले. ते पहिलंच टोपलं.

"टाकू कुठी? धानाच्या बांधीतही हेच हाये."

मायनं तोंड पुसलं. "खारा निघाला. परत दे."

आदेश बाहेर गाडी वळवत होता. मी टोपलं उचललं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर उपडं केलं.

"अहो, काय करता! सीट जळेल!"

"हातमोजे घालून उचला," मी म्हणालो.

तो धुरळा उडवत गेला. मी घरात आलो तेव्हा माय पुन्हा मोरीत बसली होती. मिठाचा डबा रिकामा झाला होता, तरी ती थुंकतच होती.