पोळेल, पोलाम

स्वयंपाकघरात माझ्या मुलाइतक्या आनंदानं कोणी धावत येत नसेल. मी शेगडीपाशी उभी राहून "अदू, पोळेल" म्हटलं, की अद्वय हॉलमधून खिदळत सुटतो आणि येताना स्वतःची एक चप्पल हातात घेऊन येतो. दुसरी कुठे असते ते देवाला ठाऊक.

आधी मला हसू यायचं. मग मागच्या आठवड्यात मी "पोळेल, पोळेल" ओरडत असतानाच तो टाचा उंचावून ओट्याला लटकला आणि त्याची बोटं उकळत्या दुधाच्या पातेल्यापासून वीतभर अंतरावर आली. मी त्याला उचललं, आणि तो हसत असताना मीच रडले.

त्यानंतर घरात कायदे झाले. उकळतं ते मागच्या बर्नरवर. कढईचे कान भिंतीकडे. ओढणी बाहेर खुंटीला. दारात आडवी फळी, जी अदूनं दुसऱ्याच दिवशी ओलांडून दाखवली.

"ओट्याच्या कडेला काही ठेवायचं नाही," मी विद्याधरला म्हणाले, "चहाचा कपसुद्धा."

"मी टेकलो तर चालेल?"

"तू काही गरम असतोस का?"

"लग्नाआधी असायचो," तो म्हणाला आणि ओरगडमच्या कारखान्याच्या बसकडे पळाला. त्याच्या या कारखान्यापायी आम्ही सांगली सोडून चेन्नईत, मैलापुरात आलो. विनोद मात्र तो तिकडूनच घेऊन आला.

पण सगळे कायदे मोठ्यांसाठी होते. ज्याला कळायला हवं त्याला 'पोळेल' कळत नव्हतं. उलट मी जितकी घाबरून म्हणायची, तितका तो खूश व्हायचा.

विद्याधरनं संशोधन केलं. "तो पोळी ऐकतो. सुंदरीकाकू त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातली ती गोड पोळी देतात ना, तीच." म्हणून मी पोळ्याच बंद केल्या. चार दिवस भात खाल्ला. अदू तरीही आला, चप्पल घेऊन.

सुंदरीकाकू खालच्या मजल्यावर राहतात. तंजावरच्या मराठी. मी लॅपटॉप उघडला की अदू सकाळभर त्यांच्याकडे असतो. केवढ्या हौसेनं ठेवलं होतं मी त्याला तिथे. परक्या गावात पोराच्या कानावर मराठी पडेल म्हणून.

रविवारी मी बटाटेवडे करायला घेतले. विद्याधरला पहाऱ्याला ठेवलं होतं. पहारेकरी मोबाइलवर मॅच बघत होता. पहिला घाणा कढईत सोडला आणि पाठीमागे ओळखीची पावलं वाजली.

"अदू, पोळेल. विद्या, धर त्याला. पोळेल रे, पोळेल."

अदूनं किंकाळी फोडली, आनंदाची. आज त्याच्या हातात दोन्ही चपला होत्या. मी झारा कढईत टाकला, गॅस बंद केला आणि गुडघ्यानं त्याला अडवलं. तेवढ्यात विद्याधरनं त्याला मागून काखेत उचललं. एक चप्पल पिठात पडली.

उघड्या दारात सुंदरीकाकू उभ्या होत्या, हातात इडलीच्या पिठाचा डबा.

"कोठे निघालात गे सगळी?"

"कुठे म्हणजे? कुठेच नाही."

"मग लेकरास चल चल का म्हणतेस? पोलाम, पोलाम करून?"

"पोलाम नाही हो काकू. पोळेल. भाजेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, अदूकडे पाहिलं, पिठातल्या चपलेकडे पाहिलं आणि डबा जमिनीवर ठेवून भिंतीला टेकल्या. त्यांना हसू आवरेना. पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, "रोज देवळात नेताना मीच त्यास म्हणते. पोलाम. म्हणजे चला, जाऊ."

"काकू, तुम्ही त्याच्याशी मराठी बोलता ना?"

"बोलत्येंच की," त्या जराशा वरमल्या. "पण लेकरांसी बोलताना तोंडात तमिळच येतं गे."

म्हणजे इतके महिने मी आगीशेजारी उभी राहून पोराला फिरायला बोलवत होते. तो बिचारा तयारी करून येत होता.

काकूंनी कॉफीचा सोसेल इतका गरम पेला मागितला, त्याचं बोट बाहेरून पेल्याला लावलं आणि म्हणाल्या, "सूडु." गरम. अदूनं बोट झटकन मागे घेतलं. डोळे मोठे झाले. मग त्याला फळीपलीकडे बसवून काकूंनी कढईकडे बोट केलं. "सूडु." तो फळीला हात लावून थांबला. खरंच थांबला.

मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. पोराला जपायचा शब्द तरी आपल्या भाषेतला असावा असं वाटत होतं. पण आधी बोटं, मग भाषा.

अदूला शब्द फार आवडला. शेवटचा उकार मात्र त्यानं वाटेतच सांडला. सांगलीहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो दारात उभा राहून, बोट उगारून, गंभीरपणे म्हणत होता, "सूड. सूड."

"अगं बाई," आई म्हणाली, "कुणाचा गं?"

"कढईचा."

"तुम्ही पोराला काय शिकवता तिकडे?"

मी फोन काकूंच्या हातात दिला आणि उरलेले वडे तळायला उठले. अदूनं माझा गाऊन दोन्ही मुठींत धरला. "अम्मा, सूड." मी पाऊल टाकलं तर त्यानं भोकाड पसरलं. विद्याधर निघाला तर त्याचा पाय धरला. आत कोणी जायचं नाही. कायदा आता त्याचा होता.

"आणि वडे?" विद्याधरनं विचारलं.

"जा, विचार त्याला."

त्यानं विचारलं नाही. चुलीशिवाय काय होतं ते मी आठवलं आणि अदूला कडेवर घेऊन पोहे भिजवले, दही घातलं. चौघांनी हॉलमध्ये फरशीवर बसून दहीपोहे खाल्ले. अदू माझ्या मांडीवर होता, नजर स्वयंपाकघराच्या दारावर. मी त्याची बोटं एकेक करून तोंडात घातली. सगळी दह्याची होती.